बारा मिलिलिटर रॉकेल

माघातल्या दुपारी मुरूम तापला की त्याला भाजल्या मातीचा कोरडा, किंचित गोडसर वास येतो. त्यात जळक्या तेलाचा धूर आणि कुणीतरी झाडाखाली सोललेल्या संत्र्याचा गंध मिसळला, की मला वारज्यापलीकडचं ते मैदान आठवतं. आता तिथे इमारती आहेत, गॅलऱ्यांमधून कपडे वाळतात. पण तेव्हा तो नदीकडे उतरत जाणारा उघडा माळ होता आणि हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी तिथे मोटारसायकलींच्या शर्यती होत. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. धूळ, आरडाओरडा आणि वेग या तिन्ही गोष्टींचं मला वावडं. तरीही मी जात असे, कारण माझा धाकटा भाऊ श्रीधर तिथे तांत्रिक परीक्षक होता आणि त्याला माझी ब्युरेट लागे. रेघारेघांची ती उभी काचेची नळी मी कुणाच्या हाती सुटी देत नसे, भावाच्या तर नाहीच. ती घरातून निघाली की तिला मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे मीही निघे.

श्रीधरचं काम शर्यत संपल्यावर सुरू होई. इंजिनात दट्ट्या वर चढतो तेव्हा हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण माथ्याशी उरलेल्या इवल्याशा जागेत दाबलं जातं. आधीची सगळी जागा आणि ही उरलेली जागा यांचं गुणोत्तर जितकं मोठं, तितका स्फोट जोरदार आणि गाडी चपळ. म्हणून प्रत्येक गटाला मर्यादा घातलेली असे, आणि इंजिनाचं माथ्यावरचं झाकण, म्हणजे हेड, थोडं घासून ती जागा गुपचूप कमी करणारे महाभागही असत. कुणी हरकत घेतली की विजेत्याचं हेड उतरवायचं, मेजावर उलटं ठेवायचं, त्या वाटीसारख्या पोकळीवर ग्रीस लावून भोकाची पारदर्शक पट्टी बसवायची आणि भोकातून ब्युरेटने रॉकेल सोडायचं. किती मावलं, ते वाचायचं. रेशनचं निळं रॉकेल या कामाला फार चांगलं. कागदासमोर धरलं की त्याची पातळी स्वच्छ दिसते. बाकीचे सगळे हिशेब श्रीधरने आधीच करून ठेवलेले असत. ज्या गटाची ही गोष्ट, त्यात हेडमध्ये निदान बारा मिलिलिटर मावायला हवं, एवढंच मला ठाऊक होतं. बारा मिलिलिटर म्हणजे तान्ह्या मुलाला पाजायच्या गुटीइतकं. एवढ्याशा रिकामेपणावर एवढा गडगडाट चालतो, याचं मला दर वेळी नवल वाटे.

त्या वर्षी जिंकली ती मनीषा. हिंजवडीची, शेतकऱ्याची मुलगी, माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाला. हिंजवडी तेव्हा नुसतीच हिंजवडी होती; तिकडून शहराकडे बस येत ती भाजीच्या पाट्या घेऊन. मनीषाचे वडील, ज्यांना ती आबा म्हणे, त्यांनी ज्या मोटारसायकलीवरून वर्षानुवर्षं कोथरुडात दुधाच्या किटल्या पोचवल्या, तीच गाडी तिने किटल्यांचे हूक काढून मैदानात उतरवली होती. प्रयोगशाळेत संथ, जरा घाबरट वाटणारी ही पोर वळणावर गाडी अशी कलवे की मी डोळे मिटून घेई. आणि त्या दिवशीचं जिंकणं नुसतं चषकापुरतं नव्हतं. पुढच्या मोसमासाठी एका मोठ्या गाडी-विक्रेत्याचा संघ तयार होत होता; त्या गटात पहिल्या येणाऱ्याला तो नवी गाडी आणि संघात जागा देणार होता. मनीषाला ती जागा हवी होती. इतकं काही तिने यापूर्वी कधी मागितलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरा आला तो बर्व्यांचा मुलगा. बर्वे म्हणजे पेठेतले स्पेअर पार्टचे दुकानदार. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण कापले गेलो हे घरी पोचल्यावर कळावं. त्यांनी हरकत घेतली. हेड उतरलं, मेज लागलं, मी ब्युरेट शून्यावर भरून स्टँडला अडकवली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, विद्यार्थिनी तुमची, ब्युरेट तुमची, परीक्षक भाऊ तुमचा. रॉकेल तेवढं सरकारचं."

मला राग आला आणि हसूही आलं. श्रीधरने गयावया केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. बर्व्यांचं चूक नव्हतं. मी बाजूला झाले. पण मग वाचायचं कुणी, यावर मेजाभोवती चांगलाच कालवा झाला. या गलक्यातून मनीषाच पुढे आली. "मी वाचते. काकांनी मागं उभं राहून बघावं." बर्व्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "वाच," ते म्हणाले, "आमचे डोळे आहेतच."

तिने तोटी फिरवली. निळी धार पट्टीखाली पसरली, पोकळीच्या काठाकाठाने चढू लागली, आणि भोकाशी येऊन टेकली तेव्हा नळीतली पातळी बाराच्या तीन रेघा अलीकडेच थांबली होती. आबा गाडी आणलेल्या टेम्पोपाशी उभे होते, ते दोन पावलं पुढे आले. तेवढ्यात श्रीधरला पट्टीखाली एक बुडबुडा दिसला, मोत्याएवढा. त्याने हेड हलकेच कलवून, पट्टीवर नखाने टिचक्या मारून तो भोकापर्यंत आणला आणि बाहेर काढला. मनीषाने पुन्हा तोटी किलकिली केली. एक थेंब, अजून एक. आता पातळी बाराच्या अगदी जवळ आली, आणि मी मनातल्या मनात आणखी एका बुडबुड्यासाठी नवस बोलले. भौतिक जगाच्या नियमांवर ज्या बाईने पिढ्या घडवल्या, तिने हा नवस बोलावा हे काही शोभणारं नव्हतं, पण बोलले.

दुसरा बुडबुडा नव्हता. मनीषा वाकली. डोळा पातळीच्या समोर आणला, नळीमागे पांढरा कागद धरला. खोलगट काठ बाराच्या रेघेला जवळजवळ शिवत होता. इतका जवळ की "बारा" म्हटलं असतं तर वाद घालणाऱ्यालाही घसा कोरडा करावा लागला असता. बर्वे तिच्या खांद्यावरून पाहत होते. उन्हात मुरूम चमकत होता, लांब कुणीतरी गाडी चालू करून बंद केली.

"अकरा पॉइंट नऊ," ती म्हणाली.

श्रीधरने आकडा लिहून घेतला. मग बर्व्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आमच्या चिरंजीवांना स्वतःच्या गाडीचं वाचायला दिलं असतं, तर तेरा निघाले असते." एवढं बोलून ते निघून गेले, चषक घ्यायलाही मुलालाच पाठवलं.

पट्टी काढून रॉकेल ओतून टाकलं तेव्हा कारण दिसलं. कुणी काही घासलेलं नव्हतं. पोकळीच्या आतून काजळीचा जाड, काळा, टणक थर बसला होता. इतक्या वर्षांच्या जळक्या तेलाचा. त्या थरानेच जागा खाल्ली होती. श्रीधर हळहळला, पण नियम सरळ होता: गाडी धावली तशी मोजायची. आबांनी वाकून त्या काळ्या पोकळीत पाहिलं आणि म्हणाले, "मीच हात लावू दिला नाय. चालत्या इंजिनाला कशापायी खोलायचं? तिच्यावर आमचं घर चाललं हाय."

मनीषा रडेल असं मला वाटलं होतं. संघाची जागा गेली, हे तिला माझ्याआधी कळलं असणार. पण ती बोटाने ती काजळी चाचपत बसली, आणि मग तिने मला विचारलं, "मॅडम, ही काढली तर गाडी कमी पळंल का?"

"थोडी," मी म्हणाले. "फार नाही."

"म्हंजी आज थोडं हिनं पळवलं. थोडं मी." ती बोटाकडे बघत राहिली. "मी किती, ते कसं मोजायचं?"

इतकी वर्षं पोरांना मोजायला शिकवलं, आणि त्यांच्यातल्या एकीने मोजण्यासारखी एकच गोष्ट विचारली तेव्हा मी ब्युरेट हातात धरून नुसती उभी होते. ते मोजायचं तर गाडी साफ करून, तेवढ्याशा जोरावर, पुन्हा त्याच मैदानात उतरायला हवं, हे तिलाही कळत होतं. तिने आबांकडे तोंड वळवलं. "आबा, खरवडू या हे. मला बघायचंय."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, ते हेड त्यात नीट गुंडाळलं, आणि म्हणाले, "घरी गेल्यावर. हितं नको, लोकांसमोर."