वीतभर मोकळी जागा

दिवाकर वायरमनने अकरा वर्षं डूख धरला, आणि मला विचाराल तर बरोबरच केलं. लगेच माफ करून मोकळी होणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत.

तो मूळचा गोंदियाकडचा. बाप रेल्वेत होता म्हणून रायपूरचा झाला. आमच्या समता कॉलनीतल्या जुन्या फ्लॅटना फॉल्स सीलिंगचं वेड लागलं, तेव्हा छतात आत बसणारे दिवे लावावेत तर दिवाकरनेच, असं सगळे म्हणत. चाळीस वर्षांपूर्वीच्या स्लॅबमधून वायर कुठून कुठे गेली आहे हे बिल्डरलाही सांगता आलं नसतं, पण हा पंख्याच्या हुकापासून तिचा बरोबर माग काढायचा. त्याची एक रीत होती. सीलिंगला भोक पाडलं की दिवा बसवण्याआधी तो घरमालकालाच शिडीवर चढवायचा आणि भोकात हात घालायला लावायचा. दिवा तापतो, त्याच्यावर वीतभर जागा मोकळी हवी, आणि ती मालकाने स्वतः चाचपून पाहावी. मोठमोठे वकील लुंगी सावरत शिडी चढताना मी पाहिले आहेत.

अकरा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात त्याने असेच दिवे बसवले, हॅलोजनचे. सजावटीचं काम अनिमेषकडे होतं. अनिमेष म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पद्मजाताईंचा मुलगा, तेव्हा नुकताच इंटिरियर डिझायनर झालेला. दवाखाना वरच्या मजल्यावर, त्यात रायपूरचा मे महिना. दिवाकर काम संपवून गेल्यावर अनिमेषने छताची उष्णता खोलीत उतरू नये म्हणून सीलिंगच्या वर थर्माकोलचे पत्रे पसरले, थेट दिव्यांवर. आठव्या दिवशी आग लागली. माणसं वाचली, दवाखाना गेला. अनिमेषने सगळं खापर दिवाकरवर फोडलं आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला की या माणसाला घरात घेऊ नका. थर्माकोल जळून गेला होता, पुरावा कसला उरणार? मेसेज सगळ्यांनी पुढे पाठवला. मीही पाठवला.

त्यानंतर दिवाकरला कॉलनीत एकाही घरचं काम मिळालं नाही. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये तो शिफ्टवर लागला आणि तिथली धूळ नऊ वर्षं छातीत भरून घेतली. त्याची बायको शारदा दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकवाला यायची. त्या वर्षापासून तिने आमच्या रस्त्याने जाणंही सोडलं. मधल्या काळात अनिमेषचं नाव झालं, पंडरीच्या बाजारातल्या कापडवाल्यांचे शोरूम त्याने सजवले. थर्माकोलची कुजबुज पुढे माझ्याही कानावर आली होती, म्हणून मला संताप यायचा तो याचाच.

छातीमुळे मिल सुटली आणि दिवाकर पुन्हा बाहेरची कामं घेऊ लागला. गेल्या वर्षभरापासून पद्मजाताईंच्या हॉलमधले, अनिमेषनेच बसवून घेतलेले दिवे दर महिना-दीड महिन्याने जायला लागले. आता दिवे एलईडी, ते पेट घेत नाहीत, नुसते मरतात. तीन इलेक्ट्रिशियन दिवे बदलून गेले. शेवटी या मे महिन्यात ताईंनीच मला दिवाकरला बोलवायला सांगितलं.  फोनवर तो येतो म्हणाला, पण अट घातली की रविवारी सकाळी येईन, अनिमेष घरी पाहिजे आणि बिल्डिंगची चार माणसं पाहिजेत. मी सोसायटीची सेक्रेटरी. चार सांगितली होती, मी नऊ गोळा केली. अनिमेषची जिरताना मला पाहायचंच होतं, हे कशाला लपवू?

दिवाकरने मेन बंद केला, एक दिवा ओढून खाली लोंबता सोडला आणि शिडी अनिमेषसमोर ठेवली. अनिमेष हसला. "भैया, आप ही देख लो ना."

"माह्या हातानं नाही," दिवाकर म्हणाला. "तुमच्या हातानं पाहा."

आईने शिडी धरली, तेव्हा त्याला चढावं लागलं. त्याने भोकात हात घातला आणि त्याचं हसू गेलं.

"वर जागा किती आहे?"

"नहीं है."

"काय आहे मंग?"

"थर्माकोल."

"कोनं टाकला?"

"मैंने."

"अन् दवाखान्यात कोनं टाकला होता?"

अनिमेष उतरायला लागला. पद्मजाताईंनी शिडी सोडली नाही, वाटही सोडली नाही. "सांग," त्या एवढंच म्हणाल्या.  अनिमेषने शिडीवरूनच कबूल केलं. दिवाकरला तेवढ्याने भागत नव्हतं. मेसेज ज्या ग्रुपवर टाकला त्याच ग्रुपवर हे लिहा, म्हणाला, आणि लिहीपर्यंत खाली उतरू नोका. अनिमेषने लिहिलं. आमच्या नऊ जणांच्या खिशातले फोन एकामागून एक वाजले.

मग सीलिंगचे तुकडे काढून सगळा थर्माकोल दिवाकरने अनिमेषकडूनच उपसून घेतला. पंखा बंद, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, केसांत पांढरा भुगा. दिवाकर खुर्चीत बसून ताईंच्या हातचा चहा पीत होता, मध्येच खोकत होता. मी त्याला बिस्किटं वाढली. दुपारी त्याने सगळे दिवे बसवून पेटवून दाखवले.

जिन्यात मी त्याला गाठलं. फार बरं झालं म्हटलं, आणि माझ्याही हॉलमध्ये असेच दिवे बसवून दे, कधीपासून मनात आहे, असंही म्हटलं. त्याने पिशवी खाली ठेवली, फोन काढला, बोटाने बराच वेळ मागे मागे गेला आणि माझ्यासमोर धरला. अनिमेषचा तो जुना मेसेज होता. मी पुढे पाठवलेला, कोणीतरी स्क्रीनशॉट काढून त्याला धाडलेला. त्याखाली माझ्या नावाने एक ओळ होती: बिलकुल सही बात है, लापरवाह आदमी है, मैंने खुद देखा है.

मी काहीच पाहिलं नव्हतं. ती ओळ लिहिल्याचं विसरलेही होते.

"त्यानं सोताची कातडी वाचवाले खोटं सांगितलं, दीदी," दिवाकर म्हणाला. "तुमी काहून लिहिलं?"

 त्याने फोन खिशात घातला.

"तुमचं काम मी नाही करत."

पिशवी उचलून तो जिना उतरून गेला. परवा दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला होता. दिवाकरभैयाने नाही म्हटलेल्या घरात आम्ही हात घालत नाही, असं दारातूनच सांगून तो परत गेला. माझ्या हॉलमध्ये अजून ट्यूबलाइटच आहे.