साडूबुवांची साफसफाई

आमच्या साडूबुवांइतका नीटनेटका माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसावा, आणि घडवला असलाच तर साडूबुवांनी त्याला ‘डुप्लिकेट’ म्हणून केव्हाच पुसून टाकला असेल. केंद्र सरकारी नोकरीत बदल्या होत होत ते पंचकुल्यात येऊन पडले. आम्ही चंदीगडात, त्यामुळे रविवारचे जेवण त्यांच्याकडे ठरलेले. मात्र पानावर बसण्याआधी त्यांच्या संगणकाचे दर्शन घ्यावे लागते. त्यात यच्चयावत गोष्टींच्या नोंदी आहेत. गीझर कधी बिघडला, सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावर पंख्याखालचा बाक कोणता, कुठल्या पाहुण्याला बिनसाखरेचा चहा लागतो, सगळे. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर तारीख, विषय आणि ठिकाण, वर-खाली तुटक रेघांचे कुंपण घालून. हा माथा कुठे विस्कटला की साडूबुवांना अन्न गोड लागत नाही. मग ते छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप दुरुस्ती करावी असा हुकूमनामा, लिहितात. तिच्यात कंस, टिंबे, तारे आणि प्रश्नचिन्हे यांची एक ओळ असते. ती पाहून मला करणीचा संशय येतो आणि त्यांची समाधी लागते.

हे वेड संगणकाबाहेरही सांडते. मंडीत मटाराच्या दोन टोपल्या दिसल्या, तेव्हा ‘डुप्लिकेट’ नको म्हणून त्यांनी न राहवून एक दुसरीत ओतली. भाजीवाला म्हणाला, “बाऊजी, वो महँगे वाले थे.” मराठी सगळे समजणारी पण उत्तर हिंदीतच देणारी त्यांची लेक म्हणाली, “पापा, दुनिया आपके नोट्स नहीं है यार.” सगळी टोपली विकत घ्यावी लागली आणि दोन्ही दरांचे मटार आम्ही आठवडाभर खाल्ले. त्यात भर म्हणजे लिहिलेली प्रत्येक नोंद ते ताबडतोब घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाडतात. तो ग्रुप आम्ही सर्वांनी एकमताने म्यूट करून ठेवला होता.

या सगळ्यात सोन्यासारख्या होत्या त्या आमच्या सासूबाईंच्या पाककृती. त्या अकोल्याहून फोनवर सांगायच्या, ताई, म्हणजे साडूबुवांची बायको, विचारत राहायची आणि साडूबुवा शब्दन् शब्द टंकायचे. फालतू वाक्ये नंतर छाटायचे, हे ओघाने आलेच. अलीकडे सासूबाईंना विसर पडू लागला आहे. दिवाळीत त्यांनीच ताईला विचारले, गोळाभात, तो आपला डाळीच्या गोळ्यांचा भात, कसा करतात गं?

एका रविवारी साडूबुवांनी या पाककृतींचे माथे नवे करायला घेतले. स्क्रिप्टला सांगितले, कुंपणापासून कुंपणापर्यंत सारे पूस आणि नवा माथा बसव. पण नीटनेटकेपणाच्या हौसेने प्रत्येक पाककृतीच्या शेवटीही त्यांनी तीच तुटक रेघ मारून ठेवली होती. त्यांच्या त्या कंस-ताऱ्यांच्या ओळीची भूक दांडगी. जवळचे कुंपण सोडून ती थेट शेवटच्या रेघेपर्यंत खात गेली. झळझळीत माथे उरले, खाली काही नाही. बॅकअपही त्यांनी असा शिस्तीत लावलेला की मूळ प्रत पुसली जाताच तोही तितकाच स्वच्छ झाला.

ताई रागावली नाही. हातातले उलथने खाली ठेवून एवढेच म्हणाली, “आता आईला विचारूनही उपयोग नाही.” साडूबुवांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात मला तो म्यूट केलेला ग्रुप आठवला. शोधत मागे गेलो, तर सगळ्या पाककृती तिथे होत्या, अगदी पहिल्या, न छाटलेल्या. गोळाभाताची मी मोठ्याने वाचली : “डाळीचा भरडा घे, मीठ घाल, तिखट घाल… थांब वं, त्या मांजरीले हाकलतो आंधी… हं, तं मीठ घाल.” ताई हसता हसता रडायला लागली, आणि खरे सांगायचे तर मीही.

साडूबुवांनी एकेक पाककृती हाताने जागेवर नेऊन ठेवली. लेकीने विचारले, “पापा, बिल्ली वाली लाइन हटा दूँ?” त्यांनी तिचा हात कळफलकावरून बाजूला केला.

“नको,” म्हणाले. “मांजर राहू दे.”

त्या दिवशी ताईने गोळाभात केला, तो ती पाककृती समोर ठेवून, शब्दन् शब्द पाळत. सासूबाईंनी मीठ दोनदा सांगितले होते, म्हणून तिने दोनदा घातले. आम्ही घासाघासाला पाणी पीत तो संपवला. साडूबुवांनी तर पुन्हा मागून घेतला.