पपईच्या जाममध्ये कवठ

दिघोरीच्या निर्मलाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. हे गावाला ठाऊक होतं, तिला स्वतःलाही ठाऊक होतं, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, हे तिच्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाचं झालं. मनात काळंबेरं काहीच नाही. बाईला फक्त धीर निघत नसे. अशा बाईनं आयुष्यात एकदाच एक गोष्ट पोटात ठेवायचा खटाटोप केला, आणि त्यापायी तिचा जीव अर्धा झाला.

साल ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं असेल. माघ महिना. धानाची मळणी उरकून कोठ्या भरल्या होत्या आणि घरात मात्र तिचे सासरे कृष्णराव खाटेवर आडवे पडले होते. मुदतीचा ताप. एके काळी बांधावर उभा राहून हाक मारली तर तळ्यापलीकडचा गडी हातातलं काम टाकून धावत येई, असा हा माणूस. आता 'पाणी' म्हणायचं तरी ओठ हलवून भागवत होता. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज केली की दोन घोट घेऊन वाटी सरकवून देत. लाखांदूरचे डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम झालं. आता पोटात काही गेलं तरच म्हातारा उठेल." हे ऐकून निर्मलाबाईचा नवरा इश्वर बापाला बैलगाडीत घालून घरी घेऊन आला.

त्याच आठवड्यात पंचायत समितीच्या ग्रामसेविका उषाबाई गावात आल्या. महिला मंडळाला फळांचा जाम शिकवायचा होता. शाळेच्या व्हरांड्यात स्टोव्ह मांडला, मोठं पातेलं चढवलं. बायकांनी घरून जे फळ मिळेल ते आणायचं होतं. निर्मलाबाईनं परसातली पपई आणली, अगदी केशरी पिकलेली. आणखी तिघींनी पपयाच आणल्या. सोलून, बिया काढून, कुस्करून त्यात साखर पडली आणि उषाबाई घोटू लागल्या. पण सासऱ्यांच्या पेजेची वेळ झाली होती, म्हणून निर्मलाबाई मध्येच उठून घरी गेली. सारा घोटाळा तिथं झाला.

ती परत आली तेव्हा जाम तयार होता. गरम पाण्यात तापवून कोरड्या केलेल्या बाटल्यांत उषाबाई तो ओतत होत्या. थंड झाला की वरून वितळलेल्या मेणाचा थर द्यायचा, म्हणजे बुरशी धरत नाही, असं सांगत होत्या. रंग असा सुरेख आला होता की निर्मलाबाईला तिथंच बोट घालावंसं वाटलं. पण तिनं घातलं नाही. हा तर आजाऱ्याचा खाऊ, आपण उष्टा कशाला करायचा? शिवाय सर्दीनं तिचं नाक गच्च झालं होतं. नाक बंद असलं की माणसाला गुळाची आणि मातीची चव सारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ पोळीच्या तुकड्याला तिनं तो जाम लावला आणि सासऱ्यांच्या तोंडाशी धरला. कृष्णरावांनी तुकडा चघळला. मग तोंड उघडलं. आणखी एक तुकडा गेला. मग तिसरा. निर्मलाबाई पदर तोंडाशी धरून तशीच सैपाकघरात गेली आणि चुलीपुढं बसून रडली.

"खाल्लं जी त्याईनं!" तिनं नवऱ्याला सांगितलं. शेजारणीला सांगितलं. विहिरीवर तर सांगितलंच.

रोज सकाळी पोळी-जाम सुरू झाला. म्हाताऱ्याच्या अंगात हळूहळू जीव यायला लागला. उठून बसू लागले. पण एक गोष्ट निर्मलाबाईला उमजेना. अंगानं सुधारत होते आणि मनानं खचत होते. एके सकाळी त्यांनी विचारलं, "निर्मला, घरात कवठ फोडलं का वो कोणी?"

"नाही जी मामाजी! आपल्या घरी कवठ येते का कधी?"

"बरं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. पुढच्या सकाळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्या घरात कित्येक वर्षांत कवठ आलेलं नव्हतं. निर्मलाबाईची सासू सत्यभामाबाई गेली, तेव्हा कृष्णराव तिचं पिंडदान करायला गयेला गेले होते. गयेला गेलेला माणूस आपल्या आवडीचं एक फळ कायमचं सोडून येतो. कृष्णरावांनी कवठ सोडलं. सत्यभामाबाईच्या हातची कवठाची गूळ घालून केलेली चटणी हा त्या माणसाचा जीव की प्राण होता, म्हणून कवठच. तेव्हापासून महाशिवरात्रीलासुद्धा कवठ घराचा उंबरा ओलांडून आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर कृष्णरावांनी तो प्रश्न सोडून दिला. मग एक दिवस इश्वरला जवळ बोलावून म्हणाले, "बेबीले सांगावा धाड. म्हणा, भेटून जा." बेबीबाई म्हणजे त्यांची लेक, सिहोऱ्याला दिलेली. सांगावा गेला. इश्वरच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि नेमक्या त्याच दिवशी वच्छला भेटली. वच्छला महिला मंडळातली, निर्मलाबाईची जिवाभावाची मैत्रीण. तिनं सहज विचारलं, "कसा झाला व जाम? आंबट तं नाही लागत? थे कवठाचं पाणी मले जरा जास्तच पडलं वाटलं."

"कवठाचं?"

"हो नं! उषाबाईचं लिंबूसत्त्व सांडलं. म्हणल्या, पपई एकटी घट्ट होत नाही, आंबट पाह्यजे. मंग मीच विहारामागच्या झाडाचे कवठं आणले. उकळून, कापडातून गाळून घातले. तू नव्हती का तेव्हा?"

निर्मलाबाईच्या हातातली कळशी तिथंच खाली बसली. तिचा चेहरा पाहून वच्छला घाबरली. सारं ऐकल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "आमीबी बोधगयेले जातो बाई, पण तिकडं काही सोडून येत नाही. आता कसं करतेस?"

कसं करायचं तेच कळत नव्हतं. मेलेल्या बायकोच्या नावानं सोडलेलं फळ सुनेनं आपल्या हातानं भरवलं होतं, तेही रोज. सांगावं तर म्हातारा धक्क्यानं पुन्हा खाट धरेल, आणि खाणं सुटलं की मग डॉक्टरांचं बोलणं होतंच. न सांगावं तर सासूच्या पिंडाचं पाप आयुष्यभर डोक्यावर. रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. इश्वरनं दोन्ही हात जोडले. "गप राय. तुह्या पाया पडतो, एकदा तरी गप राय! बाबा खाऊन राहिले नं? खाऊ दे."

ती गप्प राहिली. विहिरीवर गेली नाही, कुणाच्या दारात थांबली नाही. वरणात मीठ दोनदा पडलं. सकाळी सासऱ्यांना पोळीचा तुकडा देताना ती नजर भिंतीकडे वळवी, आणि कृष्णराव तिच्याकडे बघत राहत.

बेबीबाई आली ती दारातूनच हुंदके देत. कृष्णरावांनी सगळ्यांना घरापुढच्या छपरीत बसवलं. उशीला टेकून, अगदी शांत आवाजात बोलायला लागले.

"तळ्याखालची धानाची बांधी इश्वरची. घरामागची बेबीले द्यायची, तिचा जीव आहे तिच्यात. बैल इकू नका. अन् माह्या मागं रडू नका कोणी. सत्यभामा मले न्यायले येऊन राहिली."

"असं काहून बोलता जी बाबा!" बेबीबाईनं पायावर डोकं टेकलं.

"खरं सांगतो. रोज सकाळी येते. खाटेपाशी उभी रायते. दिसत नाही, पण कवठाचा वास येते मले. घरात कवठ नाही, निर्मलाले इचारलं मी. मंग थो वास कोणाचा? तिचाच. मले पह्यले भेव वाटलं. रातभर डोळा लागत नोहोता. आता वाटते, आली आहे तं जावं."

इश्वरनं बायकोकडे पाहिलं. मान जोरानं हलवून खूण केली, बोलू नको. पण निर्मलाबाईला आता कोण आवरणार?

"मामाजी, थ्या सासूबाई नोहोत! थो जाम होय!"

निर्मलाबाईनं खाटेचा पाय धरला आणि सगळं ओकून टाकलं. पेजेसाठी मध्येच उठून आले, लिंबूसत्त्व सांडलं, वच्छलानं कवठ घातलं, माझं नाक बंद होतं, मी चाखलं नाही, तुमचं व्रत मी मोडलं, पाप लागायचं तर मला लागू द्या. रडता रडता एकही गोष्ट सुटली नाही.

कृष्णराव म्हणाले, "आण थो बाटला."

तिनं आणून दिला. म्हाताऱ्यानं नाकाशी धरला, हुंगला. पुन्हा हुंगला. आता बाटली भिंतीवर फुटते की काय म्हणून इश्वर उठून उभाच राहिला.

"म्हंजे..." कृष्णराव म्हणाले, "मी मरून नाही राहिलो?"

"नाही जी!"

"अवो, मंग आधी काहून नाही सांगतलं?" तो आवाज तळ्यापलीकडं पोचेल असा होता. "साऱ्या गावाले सांगत फिरतेस, अन् मले सांगाले तुह्यी जीभ झडली? मी जमीन वाटून बसलो नं!"

आणि मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. बेबीबाईही हसली आणि लगेच भावावर चिडली, की एवढ्या गाड्या बदलून मी काय जामासाठी आले का? निर्मलाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि खाटेचा पाय सोडून ती पदरानं डोळे पुसू लागली.

"पण तुमचं सोडलेलं..." ती पुटपुटली.

"आजाऱ्यानं न समजता चाटलं, त्याचं कायचं पाप? तिलेच इचारलं असतं तं तीच म्हणली असती, खाऊन घ्या म्हणून." मग त्यांनी बाटलीचं झाकण स्वतः घट्ट लावून ती दूर सरकवली. "आता समजलं, आता नाही खायचं. भात टाक. वरण घट्ट कर अन् मीठ एकदाच घाल."

त्यानंतर कृष्णराव बरीच वर्षं जगले. निर्मलाबाईचा हात जामात चांगला बसला. लाखांदूरपर्यंत तिच्या बाटल्या जाऊ लागल्या. सासऱ्यांसाठी लिंबू पिळलेला वेगळा, बाकीच्यांसाठी कवठाचा वेगळा. कवठाचा जाम कृष्णरावांनी जिभेला लावला नाही. पण दर माघात पहिली बाटली भरली की ते छपरीतून हाक मारत, "निर्मला, झाकण काढून आण न बाई."

ती आणून देई. हुंगायला गयेच्या पंड्यानं मनाई केलेली नव्हती. म्हातारा डोळे मिटून बाटली नाकाशी धरून बसे. आता त्या वासाची भीती कुठल्या कुठे गेली होती. बऱ्याच वेळानं तो डोळे उघडून बाटली सुनेच्या हातात देई.

"येऊन गेली," म्हणे. "झाक आता."