साहेबांसाठी मोकळा केलेला रस्ता

न्हावऱ्याजवळच्या आमच्या वाडीला लागूनच बिल्डरची मोठी स्कीम येणार असं कळलं, तेव्हा आमची तक्रार एकच होती, रस्त्याची. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला की मोटारसायकलवाल्याला गटारात उतरावं लागतं. दुधाचा टेम्पो आणि एसटीही तिथूनच जाते. त्यात आणखी एवढ्या फ्लॅटच्या गाड्या मावणार कुठं? तालुक्याला हेलपाटे घालून घालून शेवटी एक साहेब रस्ता बघायला यायला तयार झाले.

साहेब येणार म्हटल्यावर आमच्या अंगात आलं. रस्ता झाडला, पाणी मारलं. साहेबांची गाडी अडकायला नको म्हणून उसाचे ट्रॅक्टर रानातच थांबवले, दुधाचा टेम्पो लवकर पिटाळला. देवळापुढं मांडव घातला, फेटा आणला. एवढी अक्कल आम्ही दुसऱ्या कशात कधी चालवली नसेल.

साहेबांची गाडी सुसाट आली. फेटा बांधून घेता घेता ते म्हणाले, "रस्ता तर मोकळा आहे. तुमची तक्रार काय आहे नेमकी?"

वाडीतले थोरले आबा म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठी मोकळा केलाय. एरवी असा नसतुय, हो."

साहेबांनी हसून हात जोडले. त्यांना तो मानच वाटला.

आता स्कीमचं काम चालू आहे. सिमेंटच्या गाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर समोरासमोर अडकतात, आणि मी गाडी बंद करून मधे उभा असतो. या रस्त्यानं सुसाट गेलेला शेवटचा माणूस म्हणजे आमचे ते साहेब.