व्याह्यांनी बांधलेलं तळं

गळतीमास्तरांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि मतदारयादीला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना गळतीमास्तरच म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या गच्च्या, न्हाणीघरं आणि पाण्याच्या टाक्या गळायच्या थांबवल्या. भिंतीला कान लावून, बोटाच्या पेरानं टकटक करून पाणी कुठून येतंय ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. मात्र गळतीबरोबर ते गुन्हेगारही शोधून द्यायचे. कधी प्लंबर, कधी बिल्डर, कधी गच्चीवर कुंड्या मांडणारी घरमालकीण. मास्तरांच्या जगात पाणी आपोआप कधी झिरपलंच नाही. कुणाच्या तरी हलगर्जीपणानं झिरपायचं, आणि तो कुणीतरी मास्तर स्वतः कधीच नसायचे.

"यांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली," त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, "ती म्हणजे मला पसंत केलं. आणि तीसुद्धा सासऱ्यांच्या नावावर टाकून मोकळे झालेत."

मास्तरांचा एक नियम होता. काम संपलं की त्या घराकडे पुन्हा फिरकायचं नाही. "परत बघायला गेलो तर गिऱ्हाईक म्हणेल, यालाच शंका आहे," असं त्यांचं म्हणणं. "बत्तीस वर्षांत मला एकानंही परत बोलावलेलं नाही!" हे वाक्य ते नव्या माणसाला ओळख झाल्यावर पाच मिनिटांत ऐकवायचे, आणि जुन्या माणसाला त्याहून लवकर.

तर अशा माणसाला एका सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, तळं गळतंय."

कुठलं तळं, हे विचारायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी लेकीचं लग्न ठरलं तेव्हा विहीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की मागच्या बागेत माशांचं लहानसं तळं असावं अशी फार वर्षांची हौस आहे. मास्तरांनी तिथल्या तिथे शब्द दिला आणि लग्नाआधी स्वतःच्या हातानं बांधून दिलं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मांडीभर खोल, कडेला बसायला कट्टा आणि पाणी फिरतं राहावं म्हणून पंप.

"उन्हानं आटत असेल," मास्तर म्हणाले.

"दिवसाला चार बोटं?"

"मासे किती झालेत आता?"

"बाबा, मासे पाण्यात राहतात. पाणी संपवत नाहीत."

मास्तर पिशवी घेऊन निघाले. लेकीच्या सासरी आपलं काम गळतंय, या विचारानं त्यांना बसमध्ये दोन थांबे जास्त पुढे नेलं.

विहीणबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं खिडकीमागे बसून सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि जरुरीपुरतं बोलायचं, ही सवय हाडीमासी खिळलेली. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून बागेत खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात काठी.

"या व्याही. पोरीनं उगाच त्रास दिला तुम्हाला."

"त्रास कसला! दोन तासांचं काम."

आधी त्यांनी उन्हाची परीक्षा घेतली. एक बादली काठोकाठ भरून कट्ट्यावर ठेवली, तळ्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवशी येऊन दोन्हीकडे पाहिलं. बादली जेमतेम दोऱ्याएवढी उतरली होती. तळं चार बोटं. ऊन निर्दोष सुटलं.

मग मासे हलवायचे होते. प्लास्टिकच्या मोठ्या टाकीत तळ्यातलंच पाणी भरलं आणि जावईबापू जाळी घेऊन तळ्यात उतरले. अर्धा तास ते जाळी फिरवत होते आणि मासे त्यांच्या दोन पायांमधून आरामात ये-जा करत होते. शेवटी विहीणबाई उठल्या, कट्ट्यावर बसल्या आणि काठीनं दगडावर दोनदा हलकेच ठोकलं. सगळे मासे निमूट त्यांच्यासमोर गोळा झाले. जावईबापूंनी त्यांना पाहुण्यांसारखं एकेक करून उचललं.

"आता?" लेकीनं विचारलं.

"आता थांबायचं. पाणी भरायचं नाही. जिथे भोक असेल तिथवर ते उतरेल आणि थांबेल. पाणी स्वतःच बोट दाखवतं."

पाणी बोट दाखवेपर्यंत मास्तरांनी स्वतःचं बोट बऱ्याच जणांकडे दाखवून घेतलं. जावईबापूंनी साफ करताना पंप ओढला असेल. सिमेंट त्या वर्षी भिकारच येत होतं. शेजाऱ्यांची मुलं कट्ट्यावर उड्या मारत असतील. शेजाऱ्यांना मुलंच नाहीत, हे लेकीनं त्यांच्या लक्षात आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी पाणी थांबलं. काठापासून वीतभर खाली, पंपाची नळी जिथे भिंतीतून आरपार जाते, बरोबर त्या नळीच्या खालच्या कडेशी. मास्तरांनी गुडघे टेकून नळीभोवती बोट फिरवलं. सिमेंट आणि नळी यांच्यामध्ये नखभर फट होती.

नळी गुळगुळीत असते, तिला सिमेंट धरत नाही. आधी पॉलिश पेपरनं घासायची, वाळू चिकटवायची, मग भोवतीनं फट बुजवणारं सिलंट भरायचं. हे मास्तर हाताखालच्या प्रत्येकाला ओरडून शिकवत आले होते. आणि इथे त्यांनी काय केलं होतं? लग्न आठ दिवसांवर आलं होतं. शिंपी कोटाचं माप घ्यायला दारात उभा होता. मुलीच्या बापानं नळी खुपसली, दोन थापी सिमेंट मारलं आणि हात धुऊन तो शिंप्यासमोर हात पसरून उभा राहिला. सगळं त्यांना लख्ख आठवलं. कान गरम झाले.

"सापडलं का व्याही?" खुर्चीतून विहीणबाईंनी विचारलं.

"सापडलं," मास्तर म्हणाले, आणि बत्तीस वर्षांची जीभ आपोआप वळली. "मुळं! झाडाची मुळं भिंतीत घुसलीत."

विहीणबाईंनी बागेत नजर फिरवली. तळ्याजवळ झाड म्हणाल तर एक लिंबाचं होतं, आणि तेही कुंडीत.

"असेल हं," त्या शांतपणे म्हणाल्या. "लिंबू भारी चिवट."

मास्तर पिशवी घ्यायला घराच्या कडेला गेले. तिथे नळापाशी हिरवा पाइप गुंडाळून ठेवलेला होता, आणि लेक उभी होती.

"बाबा, हा पाइप कशाला आहे माहितीये? आई रोज पहाटे उठून तळं भरायच्या. अडीच वर्षं झाली. आम्ही उठायच्या आत पाइप गुंडाळून जागेवर. मलाही ऑपरेशननंतर कळलं, त्यांना वाकता येईना तेव्हा. म्हणाल्या, तू भर, पण बाबांना सांगू नकोस. त्यांनी हौसेनं दिलंय, त्यांच्या मनाला लागेल."

"मग तू का सांगितलंस?"

"कारण तुम्ही माझे वडील आहात आणि तळं गळतंय."

मास्तरांना लाज वाटली, साधी, शाळेत वाटायची तशी. त्या बाई दुखऱ्या गुडघ्यानं रोज त्यांची अब्रू भरून ठेवत होत्या, आणि त्यांनी त्यांच्यासमोर कुंडीतल्या लिंबावर आळ घेतला होता.

दोन तासांचं काम दोन आठवडे चाललं. मास्तरांनी नळीभोवतीचं सगळं सिमेंट छिन्नीनं काढलं, नळी घासली, वाळू चिकटवली, सिलंट भरलं. कोपरे गोल केले, त्यावर जाळी बसवली, पाणी अडवणाऱ्या रसायनाचे दोन हात दिले, एक आडवा, एक उभा. वाळल्यावर तळं भरलं आणि रिकामं केलं, असं तीनदा, कारण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो. मधल्या दिवसांत टाकीतलं थोडं थोडं पाणी ते स्वतःच बदलत राहिले. चौथ्यांदा भरल्यावर रेघ ओढली आणि तीन दिवस रोज येऊन ती पाहिली. पाणी रेघ सोडायला तयार नव्हतं.

मासे परत सोडले त्या दिवशी चहा बागेतच झाला. जावईबापू म्हणाले, "बाबा, आता ते लिंबू हलवायचं का दुसरीकडे?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"विहीणबाई, मुळं वगैरे काही नव्हतं. नळी मी नीट बसवली नव्हती. माझी चूक झाली."

लेकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते एखाद्या परक्या भाषेत बोलले होते.

"माहितीये," विहीणबाई म्हणाल्या. "पहिल्या उन्हाळ्यातच नळीखाली ओल दिसली होती."

"मग बोलला का नाहीत? मी महिन्यातून एकदा येत होतो की!"

"येत होतात. पुढच्या खोलीत बसून चहा घेत होतात. वाटायचं, आज तरी मागे येऊन बघतील. तुम्ही सांगायचात, बत्तीस वर्षांत एकानंही परत बोलावलं नाही. मग आपणच कसं बोलवायचं?"

त्या सहज बोलल्या होत्या. मास्तर मात्र सहज घरी गेले नाहीत. बसमध्ये एकच हिशेब डोक्यात फिरत होता. परत कुणी बोलावलं नाही म्हणजे कुठे गळलं नाही, असं आपण धरून चाललो. आणि लोक? कुणी खाली बादली ठेवली असेल. कुणी दुसऱ्याला बोलावलं असेल. कुणी आपल्याला कसं सांगायचं म्हणून गप्प बसलं असेल, आणि आपण पुढच्या खोलीत फुशारक्या मारत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं विचारलं, "कुठलं नवं काम?"

"नवं नाही. जुनंच."

पहिली घंटी त्यांनी दातांच्या डॉक्टरांची वाजवली. त्यांच्या गच्चीचं काम करून अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी दार उघडलं, मास्तरांना पाहून आधी चकित झाले, मग काहीसे ओशाळले.

"अरे, मास्तर! तुम्ही कसे काय?"

"गच्ची कशी आहे बघायला आलो. गळते का?"

"छे छे! तुमचं काम म्हणजे..." डॉक्टर थांबले. मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "जिन्यावर थोडं. तसं फार नाही. तुम्हाला कशाला सांगायचं म्हणून..."

"किती वर्षं?"

"आठ."

मास्तरांनी दारातच चपला काढल्या.

"दाखवा," ते म्हणाले.