परक्या बेटावरचा वॉर्ड

आमचे हे कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नोकरीला होते. सगळा जन्म राहुरीत गेला. निवृत्तीनंतर मुलीनं हट्टानं आमची दोघांची श्रीलंकेची सहल ठरवली. विमानात यांनी शेवटपर्यंत खिडकी सोडली नाही.

सहल अर्धी झाली होती. सकाळी किनाऱ्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हे पाण्यात उभे राहिले. लाट आली की लहान पोरासारखे हसत होते. मग एकदम येऊन वाळूत बसले.

"अगं, पित्त झालंय वाटतं," म्हणाले. शर्ट घामानं चिंब झाला होता.

आमचा गाइड तिथलाच, मोडकं हिंदी बोलणारा. त्यानं यांचा चेहरा पाहिला आणि एक व्हॅन थांबवून आम्हाला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि हार्ट अटॅक असल्याचं सांगितलं. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, पण त्यानंतरचं त्यांचं एक वाक्य मला कळेना. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन त्यांनी आम्हाला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. सहलीची बस पुढे जायची होती, गाइडलाही जावं लागलं. निघताना तो यांच्या पायांना हात लावून गेला.

अतिदक्षता विभागात हे अर्धवट शुद्धीत होते. विद्यापीठातली नोकरी, शहरी बोलणं, सगळं गळून पडलं होतं. आईजवळ बोलायचे तसे बोलत होते.

"रोपास्नी पानी दिलं का? ऊन लई हाय."

नर्सनं घाबरून मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतायत? दुखतंय का?"

"रोपांना पाणी घातलं का, विचारतायत," मी सांगितलं.

ती वाकली आणि यांच्या कानाशी सावकाश इंग्रजीत म्हणाली, "हो सर, घातलं."

"व्हय?" हे म्हणाले, आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. दोन चमचे पेज घेतली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जेवलीस का? तोंड किती सुकलंय तुझं."

दुपारी यंत्रं वाजू लागली, मला बाहेर काढलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर आले. त्यांनी मास्क काढला तेव्हाच मी समजले. "आम्ही खूप प्रयत्न केले," ते इंग्रजीत म्हणाले. मी म्हणाले, "थँक्यू." सवयीनं तोंडातून गेलं. अजून तो शब्द टोचतो.

मुलीला फोन लावला. "आई, बाबा कसेत?" तिनं विचारलं. इंग्रजीत ऐकलेलं मला मराठीत सांगता येईना. "बाळा, तू ये," एवढंच म्हणाले. ती पलीकडे किंचाळली.

ती तिथे आली, आणि यांना घेऊन आम्ही दोघी मुंबईमार्गे राहुरीला आलो. भेटायला येणारे म्हणायचे, नगरला असते तर वाचले असते. पण तिथल्या लोकांनी यांच्यासाठी काय केलं, ते मी पाहिलंय.

मुलगी आता वरचेवर येते. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, मी तुम्हाला पाठवायलाच नको होतं."

मी तिचे पिठाचे हात धरले. "नाही गं," एवढंच बोलता आलं. तव्यावरची भाकरी करपली. ती उलटायला आम्ही दोघीही उठलो नाही.