कातडं काढल्यावर

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर एवढंच मला आजवर माहीत. मी काही लिहावं आणि ते कुणी वाचावं, इतकं माझ्या हातून काही घडलेलं नाही. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सांगोल्याच्या पलीकडे, माळावर. वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं आहेत. जानेवारीत मॅडमनी वर्गात एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलात काउंटरवर एक बाई उभी होती. आलेल्याला मान लववायची, हसायची, खोलीची किल्ली द्यायची. मला वाटलं, बिचारी सकाळपासून उभी असणार, कुणी एखादं स्टूल तरी द्यायला हवं होतं. मग कॅमेरा मागे गेला. तिच्या डोक्याची मागची बाजू उघडी होती आणि आत तारा होत्या. वर्ग हसला. मीही हसलो, पण मघाशी वाटलेल्या वाईटाचं आता काय करायचं, ते मला कळेना.

मॅडम म्हणाल्या, "माणसासारखा रोबोट माणूस म्हणून खपेल का, यावर प्रत्येकाने सेमिनारला दहा मिनिटं बोलायचं. नेटवरून उतरवलेलं मला लगेच कळतं." माझी पाळी सोमवारी होती.

आदल्या शनिवारी घरी गेलो तर तिथे वेगळीच गडबड. एक मेंढी सकाळी व्याली होती, पण तिचं कोकरू मेलेलं निघालं. त्याआधी दोन दिवस दुसरी एक मेंढी कोकरू मागे ठेवून मेली होती. त्या पोरक्या कोकराला आई बाटलीने दूध पाजत होती, पण ते त्याला पचत नव्हतं. पाय लटपटत होते.

"आज मेंढीचं दूध पोटात गेलं तर जगंल," आबा म्हणाले. "न्हायतर उद्या न्हाय."

कोकरू त्या मेंढीखाली लावलं तर तिने ढुशी मारून उडवलं. पुन्हा लावलं, पुन्हा उडवलं. मग आबांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, पायांसाठी भोकं ठेवली आणि पोरक्या कोकराच्या अंगावर स्वेटरसारखं चढवलं. माप काही जमलं नव्हतं. मानेपाशी लोकरीचा गोळा झालेला, आणि मागे शेपट्या दोन.

मी म्हणालो, "आबा, हे सोंग हाय हे कुणीबी वळखंल की."

"आरं, तू डोळ्यानं बघतूस. ती नाकानं बघती. गप उबा ऱ्हा."

"इंजनेर झालाय न्हवं," आई म्हणाली. "त्येला सगळं डोळ्यानंच दिसायचं."

मेंढीने कोकराची शेपटीकडची बाजू हुंगली. थांबली. परत हुंगली. मग तिने घशातल्या घशात तो बारीक आवाज काढला, जो फक्त आपल्या पिल्लासाठी असतो. कोकरू आचळाला लागलं आणि दोन शेपट्यांपैकी एक जोरजोरात हलू लागली. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

रविवारी निघताना मी विचारलं, "कातडं कवा काढनार?"

"तीन-चार दिसांनी. वास मारायला लागतंय."

"आन मग तिनं वळखलं तर?"

"काही घेत्यात, काही न्हाय घेत," आबा म्हणाले, आणि माझ्या हातात भाकरी बांधून दिल्या.

सोमवारी माझ्या आधीची मुलं रबरी कातडीवर, पापण्यांवर, आवाजावर छान बोलली. मग मी उभा राहिलो. मी व्हिडिओतल्या बाईबद्दल खरं ते सांगितलं, आणि मग मेंढीचं सांगितलं. म्हणालो, खपणं हे बघणाऱ्यावर असतं. तो कशाने ओळखतो तेवढं बरोबर जमलं की शेपट्या दोन असल्या तरी चालतात.

"रोबोटवर बोल म्हटलं तर हा मेंढरं घेऊन आला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मॅडम, मेंढरांची पण हजेरी लावा!"

मॅडमसुद्धा हसल्या. मलाही हसू आलं. मग एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी यंत्रमाग आहेत, आणि कापडातला एक तुटका धागा ती सोडत नाही तशी बोलण्यातलीही कुणाची चूक सोडत नाही.

"ते ठीक आहे रे. पण कातडं काढल्यावर काय? त्या बाईच्या डोक्यातल्या तारा बघितल्यावर तुझं वाईट वाटणं गेलं का?"

"थोडं राहिलं," मी म्हणालो.

"आणि मेंढीचं?"

"माहीत नाही. कातडं अजून अंगावर आहे."

"मग कळलं की सांग. तुझा अर्धाच सेमिनार झालाय."

ते खरंच होतं. आम्ही सगळे खपण्यापर्यंतच बोललो होतो. कळल्यानंतर कुणी जवळ ठेवेल का, हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हताच. मंगळवारपासून मी घरी फोन लावत राहिलो. आबा मेंढरं घेऊन टेकडीपलीकडे गेले की रेंज जाते, आणि आई फोन चार्जिंगला लावायचा विसरते. कॅन्टीनमध्ये ती मुलगी रोज विचारायची, "काय म्हणतंय तुझं कोकरू?" दोनच दिवसांत सगळा वर्गच विचारायला लागला. इतकी माणसं माझ्या घरचं काही विचारतात, हे मला नवीन होतं. बरंही वाटत होतं, आणि भीतीही.

शुक्रवारी दुपारी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो आणि फोन वाजला. आबाच होते.

"कातडं काल काढलं," ते म्हणाले. "तिनं हुंगलं आन मागं सरली. ढुशी मारायला डोस्कं बी खाली घातलं. म्हटलं, गेलं आता. पर ते येडं भ्यायलंच न्हाय, तसंच घुसलं की खाली."

"मग?"

"मग काय? उबी ऱ्हायली. आज बी पाजती."